आईला उशीकडे वर सरकवताना

पलंगाची डोक्याकडची बाजू उंच असली की आई तासाभरात पायथ्याशी घसरते. काखेत हात घालून ओढलं तर तिचा खांदा दुखतो, आपली कंबर धरते. आमच्या कोथरूडच्या घरी आजीचं जुनं सुती नऊवारी कामी आलं.

१. त्याची चौपदरी घडी खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घाला. कुशीवर वळवलं की सहज जाते.
२. पलंग सपाट करा, उशी काढा, तिचे गुडघे दुमडा.
३. दोघं दोन बाजूंना. कडा अगदी अंगालगत गुंडाळून मुठीत धरा, स्वतः गुडघ्यांत वाका, ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम सरकवा.

नंतर खालच्या सुरकुत्या ओढून काढा, नाहीतर कातडी सोलवटते. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.