ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल: तपासायचं कसं, बदलायचं कसं

आधी आपल्या गाडीत नेमका कुठला ऑटोमॅटिक आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. शोरूमवाले सगळ्यांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, पण आतली यंत्रं वेगळी आणि ऑइलंही वेगळी. मारुतीच्या एजीएससारख्या एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर आपल्याऐवजी अ‍ॅक्चुएटर नावाचं यंत्र हलवतं, त्यामुळे ऑइलही मॅन्युअलचंच. अ‍ॅक्चुएटरचं हायड्रॉलिक ऑइल निराळं. सीव्हीटीत (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुल्यांवर चालणारा प्रकार) पट्टा पुलीला घट्ट धरून ठेवतो तो ऑइलच्या ठरावीक घर्षणगुणांमुळे. तिथे साधं एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे ऑटोमॅटिकचं नेहमीचं ऑइल) ओतलं तर पट्टा घसरतो, आणि मग खर्च ऑइलचा राहत नाही, गिअरबॉक्सचा होतो. ड्युअल क्लचची रीतही वेगळी. पुढची माहिती टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत पुढे देणाऱ्या गिअरबॉक्सची आहे.

ऑइल कधी बदलायचं? काही कंपन्या ‘लाइफटाइम फिल’ (म्हणजे ऑइल बदलायची गरज नाही) असं लिहितात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं सांगते. पुण्यात त्यातला कमी आकडा धरावा. हिंजवडीच्या सिग्नलांवर गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा कन्व्हर्टरमध्ये ऑइल घुसळून तापतं, आणि वारा नसल्याने थंड होत नाही. रोज अशी रांग किंवा वरचेवर घाट असेल तर ५०,००० ते ६०,००० ला बदललेलं बरं.

डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) असेल तर तपासणी पाच मिनिटांची. १५-२० किलोमीटर चालवून आणा आणि सपाट जागी लावा. सोसायटीच्या रॅम्पवर नको, थोड्या उतारानेही लेव्हल चुकते. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, इंजिन चालू ठेवून लिव्हर पी, आर, एन, डी असा प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि परत पी मध्ये आणा. डिपस्टिक काढून पुसा (सुती फडक्याचे धागे सुटतात, टिश्यू किंवा लिंट-फ्री कापड घ्या), पुन्हा पूर्ण घाला आणि ‘हॉट’ खुणांमध्ये लेव्हल बघा. काही होंडा गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं.

थेंबभर पांढऱ्या कागदावर टाका. लालसर, स्वच्छ म्हणजे ठीक. तपकिरी म्हणजे बदलायची वेळ. काळं आणि करपट वास म्हणजे क्लच प्लेट जळतायत; नुसत्या ऑइलने ते दुरुस्त होणार नाही. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलंय. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

ऑइल घेताना कोड जुळवून घ्या: टोयोटाला डब्ल्यूएस, होंडाला डीडब्ल्यू-१, ह्युंदाईला एसपी-४, जे मॅन्युअलमध्ये असेल ते. नाना पेठेत सगळं मिळतं, पण सील आणि बिल बघून घ्या. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. डब्यामागे आपला कोड छापलेला हवा. सोबत ड्रेन नटचा नवा वॉशर, आणि चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उतरवणार असाल तर गॅस्केट व फिल्टर.

गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी, म्हणजे गॅरेजची लिफ्ट किंवा चार जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. पहिला नियम: भरायचा नट आधी सैल करून बघा. तो गंजून अडकला असेल आणि ऑइल आधीच काढून बसलात, तर गाडी जागची हलणार नाही. दुसरं, ड्रेन नट गिअरबॉक्सचाच आहे याची खात्री करा. इंजिनाऐवजी गिअरबॉक्स रिकामा करून इंजिनात दुप्पट ऑइल भरण्याचे प्रकार गॅरेजांतही होतात. होंडात गिअरबॉक्सच्या ड्रेन नटला चौकोनी खाच असते, त्यावरून ओळखता येतो.

ऑइल कोमट असताना काढा; कडक तापलेलं हात भाजतं. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच नवं भरा. एकूण ७ लिटर असेल तर साधारण ३ ते ४ लिटरच निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून एका वेळेस निम्मंच नवं होतं, दुसऱ्यांदा पाऊणएक, तिसऱ्यांदा ८७ टक्के. मधे काही दिवस गाडी चालवून पुन्हा काढा. प्रेशर फ्लशिंगचा (मशीनने दाब देऊन सगळं ऑइल बदलण्याचा) आग्रह झाला तर नको म्हणा, विशेषतः लाखभर किलोमीटर ऑइल न बदललेल्या गाडीला.

चेंबरच्या चुंबकावर राखाडी मऊ चिखल असणारच. त्यात बोटाला टोचणारे धातूचे कण निघाले तर मात्र गिअरबॉक्स उघडायची वेळ आलीय. चेंबरचे बोल्ट आलटून पालटून, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा. जास्त आवळले की पत्र्याची कड वाकते आणि नवं गॅस्केट टाकूनही गळतं.

डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत खरी कसोटी लेव्हलची. फोक्सवॅगन पोलोच्या ६-गिअर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये खालच्या नटाच्याच भोकात आतून एक उभी नळी असते. नट काढल्यावर थोडंच ऑइल येतं. पूर्ण काढायला ती नळीही सोडवावी लागते, आणि भरण्याआधी परत बसवावी लागते. मग भरून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर (गाडीला जोडून आतले आकडे दाखवणारं यंत्र) एटीएफचं तापमान ३५ ते ४५ अंशांत असताना नट उघडायचा. धार आली तर थेंबांवर येईपर्यंत वाहू द्या, काहीच आलं नाही तर अजून भरा. हेच ७० अंशांना केलं तर फुगलेलं ऑइल जास्त वाहून जातं आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो. मग वळणात पंप हवा ओढतो आणि डी टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून झटका देते. जास्त भरलं तर फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात, दाब पडतो, गिअर घसरतात.

जुनं ऑइल नाल्यात किंवा मातीत नको. ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात बंद करून वापरलेलं ऑइल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे द्या. पहिले दोन दिवस गाडीखाली पुठ्ठा ठेवा, आणि डाग दिसला तर नट पुन्हा आवळण्याआधी वॉशर बघा.