‘डिफेक्ट’ किती आणि ‘डिफेक्टिव्ह’ किती : गुणवत्ता विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी भोसरीतल्या एका मशिनिंग कारखान्याच्या गुणवत्ता विभागात लागलो, तेव्हा ‘डिफेक्टिव्ह’ म्हणजे खराब, एवढ्या अर्थावर काम भागेल असे मला वाटत होते. पहिल्याच आठवड्यात 200 ब्रॅकेटचा लॉट तपासायला आला. त्यातल्या एकाच पीसच्या बोअरमध्ये, म्हणजे यंत्रावर कोरलेल्या गोल भोकात, ब्लो होल (ओतकामात वायूमुळे राहिलेली पोकळी) होते, कडेला बर्र (कापताना उरलेली धातूची धारदार कड) राहिली होती आणि भोक मोजायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जायला नको, तीही त्यात सरळ आत जात होती, म्हणजे बोअर मोठा झाला होता. असे लॉटमधले सगळे दोष मोजून मी अहवालात ‘12 डिफेक्टिव्ह’ लिहिले. नापास पीसांच्या लाल ट्रेमध्ये पीस मात्र सातच होते. ग्राहकाला हिशोब पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख नगांमागे नापास नग किती, असा द्यायचा असल्यामुळे 35,000च्या जागी 60,000 हा आकडा गेला आणि माझ्या वरिष्ठांना दोन दिवस खुलासे द्यावे लागले.

डिफेक्ट म्हणजे दोष आणि डिफेक्टिव्ह म्हणजे दोष असलेला नग. व्याकरणात डिफेक्टिव्ह हे विशेषण असले तरी या क्षेत्रात ते नामासारखे वापरतात, आणि नवख्याचा गोंधळ नेमका इथेच होतो. नियंत्रण तक्तेही, म्हणजे प्रक्रिया ताब्यात आहे का हे दाखवणारे आलेखही, याच भेदावर उभे आहेत : नापास नगांचे प्रमाण पी-चार्टवर मांडतात, तर एका नगावरच्या किंवा ठरावीक क्षेत्रातल्या दोषांची संख्या सी-चार्टवर. दोष प्रकारवार मोजण्याचा खरा उपयोग पुढे कळतो, कारण बर्र काढून पीस वाचवता येतो, ब्लो होलसाठी फाउंड्रीला (ओतकाम करणाऱ्या कारखान्याला) कळवावे लागते, आणि एकदा मोठा झालेला बोअर काही परत लहान होत नाही.

याहून नाजूक भेद आयएसओ 9000 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. कोणतीही ठरलेली अपेक्षा पूर्ण झाली नाही की ती नॉनकन्फॉर्मिटी; मात्र ती वस्तूच्या अभिप्रेत किंवा ठरवून दिलेल्या वापराशी निगडित असेल, तरच तिला डिफेक्ट म्हणायचे. उत्पादनाच्या दायित्वामुळे, म्हणजे उत्पादनाने हानी झाली तर येणाऱ्या जबाबदारीमुळे, या शब्दाला कायदेशीर वजन आहे, हे मानकाच्या टिपेतच नोंदलेले आहे. म्हणून खोक्यावरचे लेबल तिरके लागले असेल, तर ग्राहकाला जाणाऱ्या पत्रात सवयीने ‘डिफेक्ट’ लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्येही डिफेक्टची स्वतंत्र व्याख्या आहे : तो वस्तूत असतो, सेवेतल्या उणिवेला ‘डेफिशियन्सी’ हा वेगळा शब्द आहे. दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूतून, कमी पडणे किंवा साथ सोडणे या अर्थातून आले आहेत. पक्ष किंवा देश सोडून पलीकडे जाण्यासाठी इंग्रजीत ‘डिफेक्ट’ हे क्रियापद वापरतात, तेही त्यातूनच.

‘फॉल्टी’ हा शब्द बहुधा नीट न चालणाऱ्या वस्तूसाठी येतो : फॉल्टी सेन्सर, फॉल्टी वायरिंग.

त्या लॉटचा दुरुस्त केलेला अहवाल मी वरिष्ठांसमोर बसून पुन्हा लिहिला, आणि पुढे प्रत्येक लॉटला मी तीच मांडणी ठेवली : तपासलेले नग 200, डिफेक्टिव्ह 7, डिफेक्ट 12, त्यांपैकी बोअर मोठा 5, ब्लो होल 4, बर्र 3.