चाकरमानी यायच्या आधी वायफायचं काय काय बघायचं

यंदा अधिक महिन्यामुळे चतुर्थी लांबली, थेट १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षीपेक्षा अडीच आठवडे जास्त मिळालेत. त्यात रंग, माटवी, जादा सिलिंडर हे सगळं होईलच, ते दर वर्षी होतंच. वायफायकडे मात्र कुणी बघत नाही. गेल्या वर्षी मीही बघितलं नाही आणि गौरी येईपर्यंत घरातल्या प्रत्येकाची बोलणी खाल्ली. तीच चूक पुन्हा नको म्हणून हे लिहून ठेवतोय. तुमचंही घर सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत असेल आणि चतुर्थीला भरत असेल, तर वाचा.

आधी मोजा. माणसं नव्हे, यंत्रं मोजा. आमच्याकडे एरवी चार फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि खळ्यातला कॅमेरा, म्हणजे सात. चतुर्थीला माणसं होतात चोवीस. त्यांचे फोन, पोरांचे टॅब, घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप, कुणाच्या दोन फोनांतला दुसरा, असं करत आकडा चाळिशीला टेकतो. कागदावर लिहा, आणि त्यात वाडीतल्या भजनाच्या पोरांचे फोन धरा. ते का, हे खाली येतंच.

आता मुख्य गोष्ट. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, एवढं करा. राऊटर, म्हणजे घरात वायफाय देणारा डबा, जोडल्या गेलेल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, आयपी ॲड्रेस. असे किती नंबर वाटायचे हे राऊटरच्या आत लिहिलेलं असतं, त्या सेटिंगचं नाव डीएचसीपी. आमच्या डब्यात बसवणाऱ्याने १०० ते १२९ असं भरून ठेवलं होतं. म्हणजे तीस. तीस पानांची पंगत, एकतिसावा आला तर पान नाही. आणि दिलेला नंबर राऊटर किती वेळ राखून ठेवतो, त्याला म्हणतात लीज. आमच्याकडे ती २४ तासांची होती. माणूस उठून घरी गेला तरी त्याचं पान दुसऱ्या दिवसापर्यंत अडलेलं.

तर झालं असं. २७ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत सगळं छान. सातला वाडीतली पोरं आरतीला आली, दोन भजनं म्हटली, उसळ-चहा घेऊन पुढच्या घरी गेली. वीस मिनिटांचा कारभार. पण त्याच वर्षी मे महिन्यात त्यातल्या निम्म्यांनी अकरावीचे फॉर्म आमच्याच ओटीवर बसून भरले होते, तेव्हापासून पासवर्ड त्यांच्या फोनांत होता. उंबऱ्याशी येताच फोन आपोआप जोडले गेले आणि उरलेली सगळी पानं घेऊन पोरं निघून गेली. नऊ वाजता डोंबिवलीचा दादा कणकवलीहून रिक्षाने आला, मागे वहिनी आणि मुलं. पाय धुवायच्या आधी पासवर्ड विचारला. टाकला. फोनवर ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ एवढंच, आणि ते तसंच. काका शेजारून डोकावून म्हणाले, “अरे, ह्या नुसता फिरताहा.”

मी काय केलं? राऊटर बंद करून चालू केला. दादाचा फोन लागला. मी खूश. आमच्या डब्याची गंमत अशी की बंद केला की कुणाला काय दिलं होतं ते तो विसरतो, मग सगळे पुन्हा पंगतीला धावतात आणि जो आधी पोचला त्याला पान. म्हणजे उभा होता तो बसला आणि बसलेला कुणीतरी उठला. तो कुणीतरी दुसऱ्या दिवशी निघाली आत्या. तिचा मुलगा दुबईला, त्याला आरती दाखवायची म्हणून ती फोन दोन्ही हातांत धरून माटवीसमोर उभी. ‘सुखकर्ता’ झालं, ‘घालीन लोटांगण’ झालं, मंत्रपुष्पांजलीला फुलं वाहून झाली, ती मधून मधून फोनला विचारते आहे, “दिसता काय रे तुका?” पलीकडे कुणी नव्हतंच. मी दुपारी तीनदा बंद-चालू केला होता.

म्हणून सांगतो, बंद-चालू हा या दुखण्यावरचा इलाज नाही. उलट तो दुखणं लपवतो.

खूण लक्षात ठेवा. वायफायचे दांडे पूर्ण, पासवर्ड बरोबर, आधी जोडलेल्यांचं नेट झकास, आणि फक्त नव्याने येणाऱ्याचं अडतं. हे दिसलं की कंपनीला फोन करू नका, नंबर संपलेत. लॅपटॉपच्या किंवा आयफोनच्या सेटिंगमध्ये आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर खात्रीच समजा, कारण राऊटरकडून काही न मिळाल्यावर यंत्र स्वतःच स्वतःला तसला नंबर लावून घेतं.

करायचं काय, तर वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, अर्थात इंग्रजी आकड्यांत. काही डब्यांना १९२.१६८.०.१ असतं. खालच्या चिकटपट्टीवर पत्ता, नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. आत लॅन, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या सेटिंगखाली डीएचसीपी सापडेल. सुरुवात ५०, शेवट २५० करा. दोनशे एक नंबर झाले, अख्खी वाडी आली तरी पुरेल. कॅमेरा, प्रिंटर असल्यांना कायमचा नंबर दिला असेल तर तो ५० च्या खालचा ठेवा. लीज आमच्या डब्यात सेकंदांत लिहिलेली असते. ८६४०० म्हणजे एक दिवस, तिथे ७२०० करा, दोन तास. सेव्ह करा. सेव्हचं बटण पानाच्या तळाशी असतं आणि ते दाबायचं राहतं, हेही अनुभवाने. मग एकदा राऊटर बंद-चालू करा, आता चालेल.

तिथेच आहात तर वायफायच्या पानावर ‘एका वेळी कमाल किती यंत्रं’ असा रकाना आहे का तेही बघा. काही डब्यांत तिथे ३२ भरलेलं असतं. डीएचसीपी दोनशे केलं आणि हे ३२ राहिलं तर काय उपयोग.

मी हे सगळं पाचव्या दिवशी शिकलो, गौरी आल्या त्या संध्याकाळी. बारावीतल्या भाच्याने ते पान उघडलं आणि विचारलं, “मामा, इथे तीसच का ठेवलेत?” तोवर मी ग्राहकसेवेतल्या एका गरीब पोराला ओरडलो होतो आणि बाजारातून नवा राऊटर आणून जोडलाही होता.

त्या नव्या राऊटरचं सांगतो, कारण जाड भिंतींच्या घरात दुसरा राऊटर लागतोच. चिऱ्याची भिंत, त्यात तीन महिने पावसात भिजलेली. पाणी लहरी शोषतं. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान खरं, पण अशा दोन भिंतींपलीकडे त्यात काही उरत नाही. २.४ चं पोचतं पण रडतखडत. आणि एका चॅनलवर, म्हणजे वायफायच्या हवेतल्या एका वाटेवर, एका वेळी एकच यंत्र बोलतं. गोठ्याकडच्या पडवीत एका दांड्यावर व्हिडिओ बघणारा काका स्वतः तर रखडतोच, पण आपलं बोलणं पुरं होईस्तोवर बाकीच्यांनाही ताटकळत ठेवतो. म्हणून लांबच्या खोलीत दुसरा राऊटर, आणि तो तारेने जोडलेला. कॅट सिक्स नावाची नेटवर्कची तार शंभर मीटरपर्यंत चालते, घराला तेवढी लागत नाही. वायफाय उचलून पुढे फेकणारे स्वस्त एक्स्टेंडर मला पटत नाहीत, भिजलेल्या भिंतीतून जेमतेम पोचलेलंच ते पुढे वाटणार.

पण दुसरा राऊटर जोडण्याआधी त्याचं डीएचसीपी बंद करा. बंद. मी नुसती तार जुन्याच्या लॅन लिहिलेल्या खाचेतून नव्याच्या लॅनच्या खाचेत घातली आणि हात झटकले. एका घरात दोन वाढपी झाले. निम्म्या फोनांना नव्या राऊटरने नंबर दिला आणि बाहेर जायचा रस्ता म्हणून स्वतःकडे बोट दाखवलं, त्याच्याकडे तर इंटरनेटच नाही. ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ असं लिहून येत होतं आणि मी कंपनीच्या नावाने खडे फोडत होतो. तर नव्याला आधी एकट्याला लॅपटॉप जोडून त्याचा आयपी १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, वायफायचं नाव-पासवर्ड जुन्यासारखंच ठेवा, मग लॅन ते लॅन तार. बऱ्याच नवीन राऊटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ नावाचं बटण असतं, तेच दाबलं तर ही कटकट वाचते.

चॅनलबद्दल लोक फार बोलतात. २.४ वर १, ६ किंवा ११ पैकी एक ठेवा, दोन राऊटर असतील तर दोघांना वेगळे, झालं. शेजारच्यांच्या वायफायची गर्दी हे चाळीतलं आणि टॉवरमधलं दुखणं, आमच्या वाडीत दोन घरांमध्ये आख्खी बाग असते.

राऊटर कुठे ठेवायचा? उंचावर, घराच्या मध्यात. टीव्हीच्या मागे नको, गोदरेजच्या कपाटावर नको. आमच्या आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, तो काढला.

लाईट. पावसात ती जाणार. घराला इन्व्हर्टर असेल तर फायबरचा डबा (कंपनीची तार येते तो, वेगळा असेल तर) आणि राऊटर दोन्ही त्याच्यावर आहेत ना, ते मेन स्विच पाडून बघा. तोंडी खात्री नको. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, एक १२ चा आणि दुसरा ९ चा असू शकतो, अदलाबदल केलीत तर यंत्र जाईल. सप्टेंबरात परतीचा गडगडाट सुरू होतो. वीज कडाडायला लागली की प्लग काढा, आरती चालू असली तरी काढा. फायबरमधून वीज येत नाही, ॲडॉप्टरमधून येते.

तशी ती जूनमध्ये आली. डबा गेला. माणूस आला, अर्ध्या तासात नवीन बसवून गेला. परवा सहज ते पान उघडलं तर १०० ते १२९, लीज ८६४००. सगळं पुन्हा पहिल्यासारखं! डबा बदलला, रिसेट झाला, की तुमची सेटिंग गेली. म्हणून आकडे बदलल्यावर पानाचा फोटो काढून ठेवा, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री ते पान पुन्हा उघडा. आधी केलंय, माहितेय. तरी उघडा.

फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला तर मात्र बहुधा तार तुटली आहे, त्यात तुमचं काही चालणार नाही. लाईनमनचा नंबर घरात दोघांकडे तरी असू द्या आणि वेगळ्या कंपनीचं एक सिम डेटासकट तयार ठेवा.

पाहुणे आल्यावर: फोटोंचा आपोआप बॅकअप सगळ्यांना बंद करायला लावा. वायफाय मिळालं की प्रत्येकाचे मोदकांचे व्हिडिओ वर चढायला लागतात आणि दादाच्या मीटिंगमध्ये त्याचा चेहरा गोठतो. रात्री झोपताना चालू करा म्हणावं. टीव्हीला तार. पासवर्डचा क्यूआर छापून ओटीवरच्या खांबाला लावा, चोवीसदा सांगत बसणं नको. वाडीतल्या पोरांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे वेगळ्या नाव-पासवर्डचं वायफाय द्या, पण काही डब्यांत गेस्टचेही नंबर त्याच डीएचसीपीतून जातात, म्हणजे पुन्हा तेच.

विसर्जनानंतर पासवर्ड बदला. जादा तार गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर उघडी टाकलीत तर उंदीर खातील. आणि १३ तारखेला रात्री, जेवणं झाल्यावर, डीएचसीपी.