लेगोच्या विटांमधून काळी-पिवळी पद्मिनी: स्वतःचं मॉडेल शून्यापासून कसं बनवायचं

लेगोचा सेट आणायचा, पुस्तिका उघडायची, पान 1 ते पान 80 जोडत जायचं आणि शोकेसमध्ये ठेवायचं, यात मजा आहेच, पण पुस्तिका नसताना स्वतःच्या डोक्यातनं काहीतरी उभं करायचं ही वेगळीच गंमत आहे आणि एकदा चव लागली की सुटत नाही. जगभरचे लेगोवाले याला मॉक म्हणतात, म्हणजे माय ओन क्रिएशन. बरेच जण विचारतात की सुरुवात कशापासून करू, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: किल्ला नको, रायगड तर अजिबातच नको (विटा हजारोंनी लागतात आणि करडा रंग कायम कमी पडतो), गाडी करा. आणि गाडीच करायची तर मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी करा. काळा आणि पिवळा हे लेगोचे अगदी जुने, कुठल्याही डब्यात सापडणारे रंग, गाडीचा आकार डब्यासारखा सरळ, आणि झाली की घरात येणारा प्रत्येक माणूस दोन सेकंदांत ओळखतो.

आता पद्मिनी रस्त्यावर दिसत नाही हा एक प्रॉब्लेम. शेवटची टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती, मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. म्हणजे काम फोटोंवरच भागवायचं.

फोटो गोळा करा, पण योग्य ते

तीन फोटो पुरतात: बरोबर बाजूने, बरोबर समोरून, बरोबर मागून. बाजूचा फोटो लांबून झूम करून काढलेला असेल तर उत्तम, कारण मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत गाडीचं नाक फुगतं, मागची डिकी आखडते, आणि त्यावरून मोजमाप घेतलंत तर मॉडेल कार्टूनसारखं दिसणार. जुने प्रेसचे फोटो, हौशी लोकांनी जपलेल्या खाजगी पद्मिनींचे फोटो, सगळं चालतं. मूळची ही फियाट 1100 डी, 1972 मध्ये नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि 1974 मध्ये पद्मिनी, त्यामुळे फियाटचे परदेशातले फोटोही कामाला येतात, फक्त तिथे बऱ्याचदा स्टिअरिंग डावीकडे असतं आणि बारीकसारीक फरक असतात ते लक्षात ठेवा.

फोटो बघताना स्वतःला एकच विचारा, की कुठल्या पाच गोष्टी काढून टाकल्या तर ही पद्मिनी राहणार नाही? माझी यादी: पिवळं छप्पर, दोन गोल हेडलाइट आणि मधली जाळी, मागच्या कोपऱ्यांवरचे ते छोटे पंख, वरचं कॅरियर, आणि डाव्या हाताला बाहेर लटकणारं मीटर. बाकी दरवाज्याचे हँडल, वायपर, काचेवरचे स्टिकर, हे सगळं नसलं तरी चालतं. हे आधी ठरवलं नाही तर माणूस आरशाच्या मागे दोन दिवस घालवतो आणि चेहरा राहून जातो.

माप: इथेच सगळं ठरतं

लेगोचं गणित सोपं आहे पण पाठ पाहिजे. स्टड म्हणजे विटेच्या वरची गोल गुंडी, आणि एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंत 8 मिमी. पूर्ण वीट 9.6 मिमी उंच. प्लेट, म्हणजे ती पातळ वीट, 3.2 मिमी, म्हणजे तीन प्लेटा मिळून एक वीट. आणि सगळ्यात कामाचं: 5 प्लेटा एकावर एक ठेवल्या की 16 मिमी होतात, आणि 2 स्टडची रुंदीही 16 मिमी. हे एवढं डोक्यात बसलं की विटा आडव्या फिरवून लावता येतात, आणि मॉकमधली निम्मी जादू तिथेच आहे, पुढे सांगतो.

आता गाडी. पद्मिनी साधारण 3.9 मीटर लांब, रुंदी आणि उंची जवळपास सारखीच, दीड मीटरच्या जरा आत. आपण रुंदी 6 स्टड धरू, म्हणजे 48 मिमी, म्हणजे प्रमाण साधारण 1:30. मग लांबी येते 130 मिमी, म्हणजे 16 स्टड. उंची पण 48 मिमी, म्हणजे 15 प्लेटा, म्हणजे बरोबर 5 विटा. पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंत खऱ्या गाडीत 2.34 मीटर, आपल्याकडे 10 स्टड. उरलेले 6 स्टड पुढे 2 आणि मागे 4 असे वाटले की ती मागे जरा लांबलेली डिकी बरोबर दिसते.

कोणी म्हणेल 8 स्टड रुंद करू, डिटेल जास्त येईल. येईल ना. लेगोच्या स्वतःच्या स्पीड चॅम्पियन्स गाड्यासुद्धा 2020 पासून 6 वरून 8 स्टडच्या झाल्या. पण पहिल्या मॉडेलला 6 च बरं, कारण 8 केलं की लांबी 21-22 स्टडवर जाते, विटा दुपटीहून जास्त लागतात, आणि उत्साह तेवढा टिकत नाही.

एक सूचना: लेगोचा माणूस साधारण 4 सेंटीमीटर उंच पण अंगाने भलताच रुंद, त्यामुळे 6 स्टडच्या गाडीत ड्रायव्हर एकटा छान बसतो, शेजारी दुसरा बसवायला गेलात की हात एकमेकांत अडकतात.

आधी रंगाकडे न बघता जोडा

डब्यात जे असेल ते घ्या, लाल निळा हिरवा काहीही, आणि आकार उभा करा. गाडी इंद्रधनुष्यासारखी दिसेल, दिसू दे. या टप्प्यावर फक्त आकार बरोबर येतोय का बघायचं. खाली 10 स्टडच्या अंतरावर चाकं लावा, बारीक टायर घ्या, बाहेरून 18 ते 20 मिमीचे, जाड रेसिंग टायर लावले तर पद्मिनीची जीप होते.

उंचीची वाटणी मी अशी करतो: जमिनीपासून 1 प्लेट मोकळी, त्यावर 8 प्लेटांची काळी बॉडी, मग 4 प्लेटा काच, वर 1 प्लेट आणि 1 टाइल (म्हणजे वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट) मिळून छप्पर. झाल्या 15.

चेसिस जोडताना सांधे एकावर एक येऊ देऊ नका, गवंडी भिंतीत सांधमोड करतात तशीच इथे करायची, वरच्या प्लेटेने खालचा सांधा झाकायचा. मॉडेल उचलताना मधून तुटत असेल तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं. लोक मग गोंद शोधतात. गोंद नको हो, तो लावला की विटा कायमच्या गेल्या.

कच्ची गाडी झाली की टेबलावर ठेवून तीन-चार फुटांवरून बघा, मोबाइलने बाजूने फोटो काढा आणि खऱ्या फोटोशेजारी ठेवा. चूक डोळ्यांपेक्षा फोटोत आधी दिसते.

चेहरा

इथे घाई करू नका, सगळा वेळ इथेच घालवा.

समोरची जाळी आणि हेडलाइट आपल्याला समोर तोंड करून लावायचे आहेत आणि स्टड तर वर तोंड करून असतात. त्यासाठी बाजूला स्टड असलेली 1 बाय 1 वीट मिळते (भाग क्रमांक 87087). आता बॉडी आपली 8 प्लेट उंच. खाली एक बाजू-स्टडची वीट, त्यावर दोन प्लेटा, त्यावर परत बाजू-स्टडची वीट: 3 अधिक 2 अधिक 3, झाल्या 8. आणि खालच्या बाजू-स्टडपासून वरच्यापर्यंत अंतर किती? 5 प्लेटा, म्हणजे बरोबर 2 स्टड. म्हणजे 3 स्टड लांबीची प्लेट उभी धरून दाबली की तिची दोन्ही टोकं टच्चकन बसतात, ती पहिल्यांदा बसते तेव्हा जो आवाज येतो ना, त्यासाठीच हा छंद आहे असं माझं मत. ती प्लेट 24 मिमी आणि बॉडी 25.6, म्हणून खाली 1.6 मिमीची फट राहते, तिची काळजी नको, तिथे बंपर येतो.

अशा उभ्या प्लेटांवर मध्ये फिकट करड्या जाळीच्या टाइल (2412), आणि बंपरला त्याच रंगाच्या साध्या टाइल. हेडलाइटसाठी लेगोत एक वीटच आहे, हेडलाइट ब्रिक, क्रमांक 4070. तिचा बाजूचा स्टड अर्ध्या प्लेटेने आत असतो, त्यामुळे त्यावर पारदर्शक गोल 1 बाय 1 प्लेट लावली की ती अर्धीच बाहेर डोकावते, अगदी जुन्या गाड्यांच्या दिव्यासारखी. म्हणून दोन्ही टोकाच्या उभ्या ओळीत वरच्या बाजूला 87087 ऐवजी 4070 लावा आणि तेवढ्या भागात उभी प्लेट लावू नका.

मागचे पंख: कोपऱ्यावर छोटा तिरका तुकडा, लेगोवाले त्याला चीज स्लोप म्हणतात (54200), काळा, आणि त्याच्याखाली लाल पारदर्शक 1 बाय 1. संपलं. यात जास्त हुशारी करायला गेलात तर डिकीचं झाकण बसत नाही.

छप्पर, कॅरियर, मीटर

छपरावर फक्त टाइल, एकही स्टड दिसू देऊ नका, म्हणजे पिवळा रंग एकसंध दिसतो. अपवाद कॅरियरच्या चार पायांचा, तिथे 1 बाय 1 क्लिपवाल्या प्लेटा लावून त्यात 3.2 मिमी जाडीच्या दांड्या अडकवायच्या. दोन लांब, तीन आडव्या. वर एखादी तपकिरी सुटकेस ठेवली तर काय विचारता.

मीटरसाठी डाव्या बाजूला, बोनेट आणि पुढच्या काचेच्या सांध्यापाशी बाहेर, एक क्लिपची प्लेट आणि त्यावर 1 बाय 1 टाइल, एवढंच. 1:30 ला ते थोडं मोठं दिसतं पण मला आवडतं, मीटर दिसलंच पाहिजे.

प्लेट दोन स्टडच्या मधल्या फटीत उभी घुसवणे वगैरे प्रकार नेटवर दिसतील, बसते ती, पण प्लॅस्टिकवर ताण येतो आणि कधीतरी वीट चिरते. लेगोचे डिझायनर स्वतःच्या सेटमध्ये हे टाळतात, आपणही टाळावं.

आता कॉम्प्युटरवर, मग खरेदी

आकार पक्का झाला की स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ब्रिकलिंकचं, त्यात तीच गाडी परत जोडा. ब्रिकलिंक म्हणजे सुट्या विटांचा जगातला मोठा ऑनलाइन बाजार, 2019 मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतला. कॉम्प्युटरवर करायचं कारण रंग. एखादा तुकडा पिवळ्यात कधी निघालाच नाही हे तुम्हाला स्टुडिओ आधी सांगतो, म्हणजे हव्या त्या रंगात मिळणारा तुकडा वापरून तो भाग आधीच बदलता येतो. शिवाय लागणाऱ्या विटांची यादी आपोआप तयार होते.

यादी झाली की आधी घरचे डबे, मग भाच्या-पुतण्यांचे डबे (परवानगीने), आणि उरलेलंच विकत. परदेशातून मागवताना दहा दुकानांतून चार-चार तुकडे घेऊ नका, पोस्टेजच जास्त होतं, एक-दोन दुकानांत सगळं मिळतंय का बघा आणि आधी भारतातले विक्रेते बघा. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70, त्यामुळे पार्सलची किंमत बघून खूश होण्याआधी हा हिशोब लावा.

सेकंडहँड विटा आल्या तर कोमट पाण्यात, 40 अंशांच्या आत, थोडा साबण टाकून धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. पांढऱ्या आणि करड्या विटा उन्हात पिवळट पडतात, त्यामुळे मॉडेल खिडकीतही ठेवू नका. लेगोसारख्या दिसणाऱ्या स्वस्त विटांबद्दल विचाराल तर आतल्या भागात, जिथे दिसत नाही तिथे, काही चालून जातात, पण चेहऱ्यात नकोत, माप केसभर इकडेतिकडे झालं की तो 5 प्लेट 2 स्टडचा हिशोब जुळत नाही आणि जाळी वाकडी बसते.

दाखवायचं असेल तर

दुसऱ्याच्या मॉडेलवरून बोनेटची किंवा कशाचीही आयडिया उचलली असेल तर त्याचं नाव लिहा, या मंडळींत याला फार मान आहे. लेगो आयडियाज वर (लोकांनी आपली मॉडेल सुचवायची कंपनीची वेबसाइट) टाकायचं मनात असेल तर आधी नियम वाचा, तिथे 10,000 लोकांचा पाठिंबा मिळाला तरच कंपनी मॉडेलचा विचार करते, आणि विचार करते म्हणजे सेट काढतेच असं नाही. मित्रांना जोडायला द्यायचं असेल तर स्टुडिओमध्येच पुस्तिका बनवता येते. फक्त एका पायरीत सहा-सातपेक्षा जास्त तुकडे टाकू नका, आणि काळ्या विटांवर काळ्या विटा जोडायच्या पायऱ्यांमध्ये नवीन तुकड्यांना रंगीत कड द्या, नाहीतर समोरच्याला काहीही दिसत नाही आणि तो रात्री अकराला फोन करून विचारतो की ही नक्की कुठे लावायची.