दृष्टी मोजताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक विडी कामगार मावशी तपासणीला आल्या. जुन्या कागदावर दोन्ही डोळ्यांना ६/६०, म्हणजे चांगल्या नजरेला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून दिसतं. मराठी अक्षरांच्या तक्त्यासमोर त्या गप्पच बसल्या. घरची भाषा तेलुगू, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मग वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या इंग्रजी 'E'चा तक्ता लावला आणि उघडी बाजू कुठं आहे ते हातानं दाखवायला सांगितलं. ६/१८ पर्यंत भराभर दाखवलं! म्हणजे आधी नजर मोजलीच नव्हती, मोजली होती अक्षरओळख. तेलुगू, कन्नड, मराठी एकत्र नांदणाऱ्या सोलापुरात ही चूक मला फार खुपते. आधी विचारा, 'वाचता येतं का, कुठल्या भाषेत?'

दुसरी चूक म्हणजे वेगवेगळ्या तक्त्यांचे आकडे सरळ एकमेकांशी ताडून बघणं. नेहमीचा स्नेलनचा तक्ता १८६२ चा. वर एकच मोठं अक्षर, खाली अक्षरं वाढत जातात, आणि ६/६० नंतर एकदम ६/३६. मधल्या मधे नजर सुधारली तर ती कागदावर उमटतच नाही. लॉगमार नावाच्या दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक ओळीत ५ अक्षरं, प्रत्येक अक्षराचे ०.०२. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या आजारात इंजेक्शनचा गुण येतोय का, हे बघायला मी तोच वापरते. मात्र आकडा उलटा चालतो: ६/६ म्हणजे ०, ६/६० म्हणजे १. ०.३ चं ०.५ झालं तर नजर उतरली. ऑपरेशनआधी एक तक्ता आणि नंतर दुसरा, असं करू नका. करावंच लागलं तर कुठला वापरला ते लिहा.

खोली ४ मीटरची आणि तक्ता ६ मीटरचा असेल, तर वरचं अक्षर वाचलं की ४/६० लिहायचं, ६/६० नव्हे. ते अक्षरही दिसलं नाही तर लगेच बोटं मोजायला लावू नका, पेशंटला ३ मीटरवर आणा. चांगल्या डोळ्याची नजर ३/६० च्या खाली असेल तर राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात अंधत्व धरतात, तेव्हा 'बोटं दिसतात' एवढ्यावर भागत नाही.

लहान मुलांना सुटं अक्षर दाखवू नका. आळशी डोळा (लहानपणी नजर नीट न वाढलेला) सुटं अक्षर ओळखतो, ओळीत अडखळतो.

आणि जवळची नजर! मावशींना ६/१८ सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "लांबचं राहू द्या बाई, विडीचा दोरा दिसत नाही." मांडीवर सूप घेतात तसं बसवलं, तेवढ्याच अंतरावर कार्ड धरलं, आणि चष्म्याचा नंबर तिथं काढला.