इंदुरात पिकअप घेताना व्हेरिएंट कसे पडताळावेत

चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा वाहण्यासाठी पिकअप घ्यायची असेल, तर व्हेरिएंटची तुलना किमतीपासून नव्हे, मालापासून सुरू करावी. प्रत्येक व्हेरिएंटच्या एकूण मंजूर वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून प्रत्यक्ष भार काढावा, कारण सीएनजीच्या टाक्या किंवा हौद्याला वाढीव पत्रे बसवले की तेवढा माल कमी भरावा लागतो, आणि ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो. हौद्याची आतील लांबी स्वतः टेपने मोजावी. खंडव्याकडे भेरूघाटातून नेहमी जाणाऱ्याने पॉवर स्टिअरिंगला चैन समजू नये. म्युझिक सिस्टीम नंतरही बसवता येते. मागचे स्प्रिंगचे पाटे आणि टायरचा आकार मात्र बुकिंगपूर्वीच ठरवावा.