शब्दकोडं अडलं? मदत मागताना या चुका टाळा

मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये माझं शब्दकोडं साधारण घाटकोपरच्या आसपास अडतं. तोवर फुकटचे शब्द भरून झालेले असतात. मामाची बायको, आईची आई, एक मराठी महिना. मग एक कोपरा रिकामा राहतो आणि लेडीज डब्यात शेजारी बसलेलीला मी विचारते, "अगं, कमळाला तीन अक्षरी काय?"

या प्रश्नातच चूक आहे. कमळाला तीन अक्षरी पंकज आहे, सरोज आहे, नीरज, जलज, अंबुज, राजीव, उत्पलही आहे. तिला त्यातला जो आधी आठवेल तो ती देणार, मी तो बॉलपेनने बसवणार आणि कुर्ला येईपर्यंत शेजारचे दोन शब्द त्यापायी वाकडे होणार.

गिरगावात माझी मावशी राहते. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आता रोज सकाळी चहाबरोबर कोडं. तिला फोन केला की ती आधी दरडावते, "क्लू नंतर सांग. घरं किती? हातात अक्षर कुठलं?" एकदा मी विचारलं, "सूर्य, दोन अक्षरी." ती म्हणाली, "रवी, भानू, अर्क, मित्र. कुठला हवाय ते तूच ठरव." मग सांगितलं की दुसऱ्या घरात 'त्र' आलाय. लगेच उत्तर, "मग मित्र. सूर्यनमस्कार घालतेस ना? पहिलंच नाव, ॐ मित्राय नमः." तेव्हापासून मी क्लू, घरांची संख्या आणि हातातली अक्षरं एका दमात सांगते. त्यातलं एकही अक्षर आडव्या-उभ्यातून पक्कं झालेलं नसेल तर फोनच करत नाही. आधी दुसरीकडे भरते.

अडलेला शब्द निर्दोष असतो

अडलेल्या शब्दालाच दोष देत बसणं, ही चूक मला सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. कोपरा अडला की आपण रिकाम्या घरांकडे बघत बसतो. खोट बहुतेक वेळा भरलेल्या घरांत असते.

गेल्या महिन्यातलंच उदाहरण. आडवा शब्द, क्लू 'रात्र', तीन घरं. मी डोळे मिटून 'रजनी' लिहिलं. तिसऱ्या घरातून खाली जाणारा शब्द 'कमळ', तीन अक्षरी. 'नी' हातात होताच, त्यामुळे 'नीरज' चपखल बसला. आता 'रजनी'वर शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. पण पहिल्या घरातून खाली जाणारा क्लू होता 'मागणारा', तोही तीन अक्षरी. 'र'ने सुरू होणारा मागणारा! डबाभर चौकशी केली. एकीने 'रंजला' सुचवला, एकीने तर 'रमेश' सुचवला, तिचा दीर म्हणे सारखे पैसे मागतो.

शब्द होता 'याचक'. रात्र म्हणजे 'यामिनी'. रजनी आणि यामिनी दोघींच्या शेवटी 'नी', म्हणून 'नीरज'ने चुकीच्या शब्दालाही साक्ष दिली. एका अक्षरावर जुळला म्हणून शब्द पक्का धरू नये, निदान दोन तरी जुळू द्यावीत. आणि एखादा शब्द कोणालाच सुचत नसेल, तर तो कोणालाही विचारत बसण्याआधी त्याला जे अक्षर दिलंय ते कुठून आलं ते बघावं. त्या शब्दाला दुसरा पर्याय आहे का? रात्रीला तर निशा, रजनी, यामिनी, शर्वरी अशी रांगच आहे.

यासाठी खोडता यायला हवं. पेपरच्या कागदावर रबर घासलं तर भोक पडतं, जेल पेन फुटतं. मी बॉलपेनच वापरते, पण शंकेचं अक्षर घराच्या कोपऱ्यात बारीक लिहिते, पक्कं झालं की मधोमध मोठं.

एक घर म्हणजे एक अक्षर, पण अक्षर म्हणजे काय?

इंग्रजी कोडी सोडवून मराठीकडे वळलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. इंग्रजीत एका घरात एक सुटं अक्षर. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं त्याच घरात आणि जोडाक्षरालाही एकच घर. 'पुस्तक'ला तीन घरं (पु, स्त, क), 'महाराष्ट्र'ला चार. म्हणून आपले शब्द घरांच्या हिशेबात आखूड असतात, पण हाती आलेलं एकेक अक्षर बरंच काही सांगून जातं. 'त' आणि 'त्र' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोनवर मदत मागताना नुसतं "त आहे" म्हणालात तर समोरची व्यक्ती भलतीकडे जाणार.

मोबाइलला विचारणाऱ्यांनी तर हे नक्कीच लक्षात ठेवावं. संगणक 'पुस्तक' साठवतो सहा तुकड्यांत: प, उकार, स, पाय मोडल्याची खूण, त, क. त्यामुळे "तीन अक्षरी शब्द सांग" म्हटल्यावर एआय कधी चार घरांचा शब्द देतं, कधी दोनाचा, आणि देताना आवाज असा की जणू कोडं त्यानंच रचलंय. माझा भाचा त्यावर विसंबून असतो. मी त्याला सांगते, यादी माग, पण घरं बोटांवर मोज.

वेलांटी पहिली की दुसरी

मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांतला भाग. कवी, रवी, गुरू. पण समास झाला की कविराज, गुरुदक्षिणा. कोड्यात याचा जाच असा की आडव्यात 'वी' आणि उभ्यात 'वि' हवा असतो. रचणारा काटेकोर असेल तर हा इशाराच समजायचा, दोनपैकी एक शब्द चुकलाय. पण सगळे रचणारे काटेकोर नसतात. काही जण ऱ्हस्व-दीर्घ चालवून घेतात. एकाच पेपरचं कोडं आठ-दहा दिवस सोडवलं की त्याची सवय कळते. ती कळेपर्यंत वेलांटीवरून शब्द बाद करू नका. तीच गोष्ट अनुस्वाराची. 'अंबुज' लिहिलं तर मधलं घर 'बु', 'अम्बुज' लिहिलं तर 'म्बु'. पेपरात अनुस्वारच धरून चालावं.

क्लूचं लिंग-वचन न बघणं ही घाईतली चूक. 'नाचणारी' विचारलं असेल तर नर्तक नव्हे, नर्तकी.

कोशात उत्तर शोधू नका

म्हणजे कोश उघडू नका असं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ची) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आता मोबाइलवरही बघता येतात. पण ते अक्षरक्रमाने लावलेले आहेत. शब्द सुचल्यावर तो खरंच त्या अर्थाचा आहे का, हे तिथे तपासायचं. अर्थ ठाऊक आहे पण शब्द सुचत नाही अशा वेळी अमरकोश कामाला येतो, कारण तो विषयवार आहे, एका वस्तूची नावं एकाजागी. मावशीला तो शाळेत पाठ करायला लावला होता. तेव्हा रडली म्हणते, आता त्यावर आमच्यावर रुबाब करते.

एवढं करूनही कधी दोन शब्द सारखेच बसतात. मग वाद घालू नये. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं एके काळी मोठं पेव फुटलं होतं, आणि यात कौशल्य किती अन् नशीब किती हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. चमारबागवाला खटला, निकाल १९५७चा. त्याआधी १९५५च्या कायद्याने अशा स्पर्धांना महिन्याला एकूण हजार रुपये बक्षीस आणि प्रत्येक स्पर्धेला दोन हजार प्रवेशिका अशी मर्यादा घातली होती. आपल्या रोजच्या कोड्यात बक्षीस नाही, उद्या उत्तर येतं, तेवढं पुरे.

आणि कोडंच चुकलेलं असू शकतं, हेही विसरू नका. एकदा एका पेपरात क्लू चार अक्षरीचा आणि घरं तीनच होती. मी दादर ते भायखळा स्वतःला दोष देत बसले. अशा वेळी क्लूंचे आकडे आणि चौकटीतले आकडे एकदा ताडून बघावेत. आकडे पुढे-मागे झाले असतील तर मदत मागून उपयोग नाही. तो कोपरा तसाच सोडावा, कात्रण पर्समध्ये ठेवावं आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तराशी लावून बघावं. आमच्या घरी मात्र त्याआधीच पेपर भाजी निवडायला घेतला जातो, त्यामुळे कात्रण मी स्टेशनवर उतरायच्या आतच फाडून घेते.